बटणांच्या रंगाआधी हे बघा
ब्राउझरमधला व्हिडिओ प्लेअर वापरायला सोपा कसा करायचा यावरच्या एका लेखात मोठी बटणं आणि गडद थीम सुचवली आहे. चूक नाही, पण लोक वैतागतात ते चित्र थिजल्यावर किंवा आवाज न आल्यावर.

क्रोमने २०१८ पासून आवाजासकट आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओवर बंधनं घातली. म्यूट असेल तर चालतो, नाहीतर 'प्ले' या आज्ञेचं प्रॉमिस (ती यशस्वी झाली की नाही हे नंतर कळवणारं उत्तर) 'नॉट अलाउड एरर' देऊन नाकारलं जाऊ शकतं. बरेच डेव्हलपर ती एरर पकडतच नाहीत. मग बटण 'पॉज' दाखवतं आणि चित्र जागचं हलत नाही. बटणाची स्थिती क्लिकवर नव्हे, व्हिडिओच्या 'प्लेइंग' आणि 'पॉज' या इव्हेंटवर (ब्राउझर देतो त्या सूचनांवर) बदला. वेब ऑडिओचंही (ब्राउझरमध्ये कोडने आवाज हाताळायची सोय) तेच: त्याचा ऑडिओ कॉन्टेक्स्ट, म्हणजे आवाज चालवणारा भाग, 'सस्पेंडेड' (थांबवलेला) असेल तर पहिल्या क्लिकमध्येच 'रिझ्यूम' करा. आयफोनवर व्हिडिओ टॅगमधलं 'प्लेज-इनलाइन' (पानातच चालव, असं सांगणारं) विसरलात तर व्हिडिओ थेट फुल स्क्रीन होतो आणि तुमची सुंदर बटणं दिसतच नाहीत!

मराठी सबटायटल दिसत नसतील तर फाइल उघडून बघा. एसआरटी आणि व्हीटीटी हे सबटायटल फाइलचे दोन प्रकार; ब्राउझरला व्हीटीटी लागते, आणि एसआरटीचं नुसतं एक्स्टेन्शन बदलून ती होत नाही. पहिली ओळ 'वेबव्हीटीटी' (रोमन कॅपिटलमध्ये), मिलिसेकंदाआधी स्वल्पविराम नको, टिंब हवं, आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरंही नीट साठवणाऱ्या एन्कोडिंगमध्ये) सेव्ह केलेली हवी. फाइल दुसऱ्या डोमेनवर असेल तर सीओआरएस हेडरही (दुसऱ्या साइटला फाइल वापरायची परवानगी देणारी सर्व्हरची नोंद) लागतो.

बटणाच्या आकाराबद्दल एवढंच: डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल सांगतं. बोटासाठी ते कमीच आहे, मी तरी ४४ ठेवीन.