किनाऱ्याकिनाऱ्याने, म्हणजे जिन्याजिन्याने

समुद्राकाठी चालायचं म्हणलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यापुढे गुहागर येतं. सपाट वाळू, एका बाजूला सुरूचं बन, चपला हातात, मधेच कोणीतरी शहाळं फोडून देतंय. इटलीतला अमाल्फीचा किनारा त्या जातीचा नाही. तिथे डोंगर आहे आणि समुद्र आहे, दोघांच्या मधे जागा सोडायची राहून गेलीये. त्यामुळे गावं सगळी उभी. एकाच्या गच्चीवर दुसऱ्याचं अंगण, त्याच्या डोक्यावर तिसऱ्याची लिंबाची बाग, आणि ह्या सगळ्यांना जोडणाऱ्या पायऱ्या. नकाशात दोन गावं बोटभर अंतरावर दिसतात, पण नकाशा वरून बघायचा असतो आणि आपल्याला चालायचं असतं बाजूने.

बेत आखला ताईंनी, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीने. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांची सगळी शक्ती प्रवास ठरवण्यात जाते. ह्या चालायच्या सुट्ट्यांची एक सिस्टीम असते, आपण पैसे भरायचे, कंपनी आपल्या बॅगा व्हॅनने पुढच्या मुक्कामाला टाकते, आपल्याला रस्त्याची एक वही आणि फोनमध्ये एक लाल रेघ देते, आणि मग आपण पाण्याची बाटली घेऊन हलक्या अंगाने निसर्ग बघत जायचं. कंपनीचं नाव सांगत नाही, ती वही कोणी लिहिली एवढं मात्र मला एकदा कळायला हवंय. 'चर्चच्या डावीकडून हलकासा चढ.' आपण चर्चच्या डावीकडे वळतो तर समोर जिना. वर बघितलं तर जिना. वळण आलं की संपेल म्हणून जीव तोडून वळणापर्यंत जावं तर तिथून खरा जिना सुरू. मागे लिहिलेलं वाचावं तर 'इथून दृश्य सुंदर आहे, थांबून जरूर बघा.' थांबायला दृश्याची गरज कोणाला होती!

आमच्या चौघांत खरे ट्रेकर म्हणजे साडू. दर रविवारी सिंहगड, न चुकता, आणि किती मिनिटांत चढले ते न विचारता सांगणार. "पायऱ्या म्हणजे काय हो, सोय करून दिलेला चढ" असं ते विमानातच म्हणाले होते. ताईंचं माहेर पर्वतीच्या पायथ्याशी, त्यामुळे चढाचं त्यांचं माप ठरलेलं आहे. पर्वती 103 पायऱ्यांची. जगातला कुठलाही चढ त्या पर्वतीत मोजतात. अमाल्फीच्या भर चौकात सेंट अँड्र्यूचं कॅथेड्रल आहे, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं, त्याच्या दारापर्यंत 62 पायऱ्या. ताई खालूनच म्हणाल्या, "पाऊण पर्वतीसुद्धा नाही." साडू दोन-दोन पायऱ्या घेत वर गेले, वरून हात केला, फोटो काढून घेतला. त्यांचा तेवढा हसरा फोटो त्यानंतर ट्रिपमध्ये निघाला नाही.

कारण लगेच अत्रानी, आणि तिथून रावेल्लो. अत्रानी क्षेत्रफळाने अख्ख्या इटलीतली सगळ्यात लहान नगरपालिका, 0.12 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडची एखादी मोठी सोसायटी. ते आलं कधी गेलं कधी कळत नाही, फक्त ते संपतं तिथे रावेल्लोचा चढ चालू होतो आणि रावेल्लो समुद्रापासून साधारण 350 मीटर वर. भिंतींच्या मधून जाणारा अरुंद जिना, भिंतीपलीकडे लिंबं, मोगऱ्यासारखा वास, कुठेतरी पाणी वाहतंय, आणि आमच्या चौघांचा श्वास. साडू पहिल्या शंभर पायऱ्या मोठ्याने मोजत होते, मग मनात, मग त्यांनी "मोजण्यात मजा जाते" असं जाहीर केलं. वर व्हिला रुफोलोची बाग आहे, संगीतकार वाग्नर 1880 साली तिथे आला आणि त्याला त्याच्या ऑपेराच्या एका सीनसाठी हवी असलेली जादूची बाग तिथे सापडली. साडूंना बाक सापडला. दोघांच्या आनंदात मला काही फरक वाटत नाही.

बाकावर बसल्यावर माणूस विचार करतो की हे लोक असं का राहिले असतील. तर किनाऱ्याने गाडीरस्ता झाला तोच 19व्या शतकाच्या मध्यावर. त्याआधी दोनच पर्याय, होडी नाहीतर ह्या खेचरांच्या पायवाटा. म्हणजे ज्याला आपण ट्रेक म्हणून पैसे भरून चालतोय तो त्यांचा मेन रोड होता. अमाल्फी एकेकाळी मोठं दर्यावर्दी राज्य, हजार वर्षांपूर्वी त्यांच्या व्यापाऱ्यांची कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, स्वतःची वस्ती होती. मला त्यात नवल वाटेना. बंदरात उभं राहून एकीकडे कॉन्स्टँटिनोपल आणि दुसरीकडे रावेल्लो असा चॉइस असेल तर मीही जहाजातच बसेन.

बरं, चढ एकवेळ परवडला. रावेल्लोहून मिनोरीला उतरायचं असतं आणि उतार हा गुडघ्यांचा विषय आहे. वहीत त्याला 'आरामशीर उतरण' म्हणलंय. अर्ध्यावर माझ्या मांड्या आपोआप थरथरायला लागल्या, उभं राहिलं तरी थरथरतायत, बायको म्हणाली "तू नाचतोयस का?" आणि मी उत्तर देणार तेवढ्यात खालून घंटांचा आवाज. खेचरं. एकामागे एक, पाठीवर दोन्ही बाजूंना वाळूची पोती, कारण वर कोणाचं तरी बाथरूम चाललंय आणि टेम्पो येत नाही. आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो. शेवटच्या खेचराने माझ्याकडे बघितलं. ते दमलेलं नव्हतं.

त्याच्यामागून एक आजी. काळा स्कर्ट, साध्या चपला, दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या, एकीतून कोबी डोकावतोय. "बोनजोर्नो" म्हणून आमच्यामधून वाट काढत न थांबता वर गेल्या. आमच्या अंगावर काय काय होतं सांगू? घाम वाळणारे टीशर्ट, गुडघ्यांना नी-कॅप, दोन-दोन ट्रेकिंग पोल, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची तोंडापर्यंत येणारी नळी. साडूंनी मुकाट्याने नळी तोंडातून काढली.

पुढे मिनोरी ते मायोरी ही लिंबांची वाट म्हणून प्रसिद्ध आहे. डोंगर कापून दगडी बांधांवर केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा, वर लाकडी मांडव, त्याला लोंबकळणारी लांबोडकी लिंबं. स्फुझातो म्हणतात ह्या जातीला. ही लिंबं पूर्वी बायका पाठीवर टोपल्या घेऊन खाली आणायच्या, पन्नासेक किलोचा भार, त्यांना तिथे फोर्मिकेल्ले म्हणजे मुंगळ्या म्हणायचे. हे ताईंनी वाचून दाखवलं आणि सगळे जरा गप्प झालो, कारण त्याच क्षणी बायको मला तिची छोटी सॅक घे म्हणून सांगत होती आणि मी कारणं देत होतो. घेतली मग.

खाण्याचं मात्र नाव ठेवायला जागा नाही. ताई शुद्ध शाकाहारी, तरी त्यांचं अडलं नाही, टोमॅटो आणि चीज घातलेली न्योक्की (बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे), वांग्याची थरांची पार्मिजाना, लिंबाचा पास्ता, वर लिंबाचाच केक. अडलं ते बिलावर. बिलात कोपेर्तो नावाखाली माणशी दोन-तीन युरो, हे कशाचे तर बसल्याचे. टेबल, चादर, ब्रेड असं सगळं धरून. आयुष्यभर लोकांच्या खात्यांवर असे किरकोळ चार्जेस लावलेल्या ताईंनी त्यावर जो संताप केला तो बघण्यासारखा होता. साडू हळूच म्हणाले, "मला तर आज बसण्याचे दहा युरोही कमीच वाटतायत."

मग आली देवांची वाट. सेंतिएरो देल्यी देई. ह्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात. आगेरोलाजवळच्या बोमेरानो गावातून सुरू होते, तिथपर्यंत अमाल्फीहून बस जाते, आणि बस म्हणजे वेगळंच प्रकरण, एवढा अरुंद रस्ता की प्रत्येक वळणावर ड्रायव्हर हॉर्न मारतो आणि समोरून दुसरी बस आली की दोघांतला एक मागे मागे जातो, त्या वेळी खिडकीतून खाली रस्ता दिसत नाही, डायरेक्ट समुद्र दिसतो. चढायला लागत नाही म्हणून आम्ही सगळे देवाचं नाव घेत का होईना पण खूश होतो. आणि खरं सांगायचं तर ही वाट आहे सुंदर. सहाएक किलोमीटर, कड्याच्या पोटातून, रोजमेरीचा वास, शेळ्या, खाली निळं पाणी आणि लांबवर काप्री बेट. मधे समुद्रात छोटी ली गाल्ली बेटं दिसतात, त्यांच्यावर म्हणे गाणं म्हणून खलाशांना भुलवणाऱ्या सायरन राहायच्या, आणि ग्रीक कथेतल्या युलिसिसला त्यांच्यापासून वाचवायला देव ह्या वाटेने धावत खाली आले. खाली आले ह्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. परत वर गेल्याचा उल्लेख दंतकथेतही नाही.

वाट नोचेल्ले गावात संपते. तिथे लिंबाचं ग्रानिता मिळतं, बर्फाचा चुरा आणि लिंबू, ते घेऊन आम्ही भिंतीवर बसलो, चौघंही एकदम गुणी माणसं वाटत होतो. साडूंना रंग चढला, सिंहगडाच्या जुन्या गोष्टी निघाल्या. आणि मग ताईंनी वही उघडून वाचलं, 'नोचेल्लेहून खाली पोझितानोच्या रस्त्यापर्यंत पायऱ्या आहेत. सुमारे 1700.' कोणी काही बोलेना. ताई मनातल्या मनात भागाकार करत होत्या ते दिसत होतं. "साडेसोळा पर्वती," त्या म्हणाल्या. बायकोने विचारलं गावातून बस आहे का. आहे, पण ती नुकतीच गेली होती आणि पुढची कधी ते सांगणाऱ्या काकांनी जो हात हवेत फिरवला त्याचा अर्थ कुठल्याही एसटी स्टँडवर वाढलेल्या माणसाला कळतो.

उतरलो. काय सांगू. पहिल्या पाचशेत गप्पा, दुसऱ्या पाचशेत भांडण, त्यापुढे कोणाची कोणाशी ओळख नाही. शेवटी शेवटी मी उलटा, म्हणजे डोंगराकडे तोंड करून उतरत होतो कारण तसं गुडघ्याला बरं वाटतं, समोरून चढणाऱ्या एका जर्मन जोडप्याने मला रस्ता चुकला का म्हणून विचारलं. ते दोघं सत्तरीचे असतील. चढत होते. हौसेने.

पोझितानोचं हॉटेल रस्त्यापासून 'दोन मिनिटांवर' होतं. ह्या दोन मिनिटांवर मी काही लिहित नाही.

दुसऱ्या सकाळी बोटीने काप्रीला. बोटीत बसून राहायचं असतं ह्याचं मला इतकं कौतुक वाटलं की मी दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे विसरलो. ह्या बेटावर रोमन सम्राट तिबेरियस सन 27 मध्ये येऊन राहिला आणि सन 37 मध्ये मरेपर्यंत रोमला परत म्हणून गेला नाही, सगळं साम्राज्य इथूनच चालवलं. त्याचा महाल व्हिला जोव्हिस बेटाच्या टोकाला उंच कड्यावर आहे. तो परत का गेला नाही ह्याची इतिहासकार राजकारण, संशय, विलास अशी बरीच कारणं देतात, तो महाल चढून बघितलेल्या माणसाला मात्र एवढा अभ्यास लागत नाही. एकदा वर पोचल्यावर मीही तिथूनच साम्राज्य चालवलं असतं.

काप्रीत बंदरापासून वरच्या अनाकाप्रीकडे जाणारा एक प्राचीन जिना आहे, स्काला फेनिचा, 921 पायऱ्या, नाव फिनिशियन लोकांचं पण खोदला ग्रीकांनी असं मानतात. 19व्या शतकात रस्ता होईपर्यंत वर जायला हाच मुख्य मार्ग. वहीत तो होता. "नऊ पर्वती," ताई म्हणाल्या आणि सरळ मिनीबसच्या लायनीत जाऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे बायको, तिच्यामागे मी. साडूंची फार ओढाताण झाली. शेवटी तेही आले, पण "जिना काय, कधीही चढता येईल, वरचा डोंगर मात्र मी चालत जाणार" अशी अट घालून.

वरचा डोंगर म्हणजे माँते सोलारो, 589 मीटर, बेटावरचं सगळ्यात उंच ठिकाण. तिथे अनाकाप्रीतून चेअरलिफ्ट जाते, एकेकट्या खुर्च्या, पाय लोंबत, खाली लोकांच्या द्राक्षांच्या बागा आणि कोंबड्या. साधारण बारा-तेरा मिनिटं. बायको माझ्या पुढच्या खुर्चीत होती आणि ताई तिच्या पुढच्या, त्यामुळे सनस्क्रीन कोणाकडे आहे ही चर्चा संपूर्ण दरीने ऐकली. साडू टोपी घट्ट करून, पोल आपटत, पायवाटेने गेले. जाताना घड्याळ लावलं.

वर आम्ही कॉफी घेतली. पाण्यातून वर आलेले फाराल्योनीचे सुळके खाली, लांबवर व्हेसुव्हियस ज्वालामुखी, एका बाजूला आम्ही घासून आलो तो सगळा किनारा, दुसऱ्या बाजूला इस्किया बेट. इथून तो किनारा अगदी सपाट दिसतो. दुसरी कॉफी घेतली. मग साडू आले. चेहरा लाल, शर्ट पिळून काढण्यासारखा, घड्याळ बंद न करता तसंच चालू. खुर्चीत बसले, माझं पाणी प्यायले, बायकोचं पाणी प्यायले, इस्कियाकडे बोट करून "तो मधला डोंगर केवढा असेल हो?" म्हणून विचारलं. 789 मीटर आहे, एपोमेओ नाव, मला माहीत होतं. मी कशाला सांगू.

बऱ्याच वेळाने, कोणाकडेच न बघता त्यांनी विचारलं, "ह्या पाळण्याचं नुसतं खाली जायचं तिकीट मिळत असेल का इथे?"

ताईंनी पर्स उघडली आणि साडूंचं तिकीट टेबलावर ठेवलं. खालीच काढून ठेवलं होतं, आमच्यासोबत.