लिनक्स टाकल्याने विंडोज उडत नाही, उडतं ते भलत्याच कारणाने

‘घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकू नका. मशीन मंदावतं, विंडोज उडतं, सिक्युअर बूट बंद करावं लागतं आणि लिनक्स काढलं की कॉम्प्युटर सुरूच होत नाही.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला पहिला दावा साफ चुकीचा आहे, शेवटचा एकेकाळी खरा होता आणि मधल्या दोहोंत अर्धं सत्य आहे.

‘मशीन मंदावतं’

एका वेळी एकच ऑपरेटिंग सिस्टिम चालते, विंडोज किंवा लिनक्स. दुसरी डिस्कवर नुसती पडून असते. ती ना रॅम घेते ना प्रोसेसर. जागा मात्र खाते. सी ड्राइव्ह कापून अगदी काठोकाठ भरला, तर विंडोजचे अपडेट अडकतात आणि बोल लिनक्सला लागतो. साध्या वापराला लिनक्सला 50-60 जीबी पुरतात. (विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये रॅम खरोखर वाटली जाते. गल्लत बहुधा तिथलीच.)

‘विंडोज उडतं’

यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू करायची आजची पद्धत) मशीनवर डिस्कच्या सुरुवातीला फॅट32 फॉरमॅटचं एक छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, असतो, विंडोजने केलेलं असेल तर साधारण 100 एमबीचं. त्यात प्रत्येक सिस्टिमचा बूटलोडर (ती सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आलं म्हणून विंडोजचा फोल्डर पुसला जात नाही. पुसतो तो माणूस: इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ निवडतो, किंवा स्वतः पार्टिशन करताना या छोट्या पार्टिशनपुढे ‘फॉरमॅट’ची खूण करतो.

खरे खड्डे तीन आहेत, आणि त्या मजकुरात त्यातला एकही नाही.

पहिला बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय. विंडोज 11 वर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल, तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते. बूटची मांडणी बदलली की निळ्या स्क्रीनवर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती आधीच अकाउंटवरून कागदावर उतरवा आणि काम होईपर्यंत बिटलॉकर सस्पेंड करा. की नसेल तर डेटा गेला, आणि मग ‘लिनक्सने उडवलं’ म्हणायला मोकळे.

दुसरा फास्ट स्टार्टअप. हे चालू असताना ‘शट डाउन’ पूर्ण होत नाही. कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर साठवून मशीन झोपतं. अशा वेळी लिनक्सने सी ड्राइव्हवर लिहिलं तर फाइल सिस्टिम बिघडू शकते, म्हणून लिनक्स तो बहुधा फक्त वाचण्यापुरता उघडतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. हायबरनेशनही बंद केलं तर त्याची भलीमोठी फाइल जाते आणि डिस्क मॅनेजमेंटमधल्या ‘श्रिंक व्हॉल्यूम’ला जास्त जागा मिळते. सी नेहमी विंडोजमधूनच आकसा, इन्स्टॉलरमधून नको.

तिसरा इंटेल आरएसटी, म्हणजे डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत. काही लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, मग लोक बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) आरएसटीऐवजी थेट एएचसीआय ही सर्वसाधारण पद्धत लावतात आणि विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’वर आपटतं. क्रम असा हवा: विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटची खूण, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं, मग खूण काढायची.

बॅकअप मात्र हवाच. पार्टिशन आकसताना वीज गेली तर वरची कुठलीच काळजी कामाला येत नाही.

‘सिक्युअर बूट बंद करावं लागतं’

सिक्युअर बूट म्हणजे सही असलेलाच बूटलोडर चालू देणारं मशीनचं संरक्षण. उबुंटू, फेडोरा आणि 10 पासूनचं डेबियन हे लिनक्सचे प्रकार मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या ‘शिम’ या छोट्या बूटलोडरमधून बूट होतात. अडतं ते एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरपाशी. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या रीस्टार्टला आलेल्या निळ्या पडद्यावर ‘एन्रोल मोक’ (ड्रायव्हरच्या सहीची की नोंदवणं) निवडून तोच द्यायचा असतो. तिथे घाईने ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की ड्रायव्हर लोड होत नाही, आणि खापर सिक्युअर बूटवर फुटतं.

ऑगस्ट 2024 चा प्रसंग मान्य करायलाच हवा. विंडोजच्या अपडेटने जुनी शिम बाद ठरवली आणि अनेकांचं लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणत अडलं. पण त्यात विंडोजने लिनक्स अडवलं होतं, उलट नव्हे.

‘काढलं की सुरूच होत नाही’

यूईएफआयच्या आधीच्या, जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर हे खरं होतं. ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, पहिला तुकडा डिस्कच्या सुरुवातीला, उरलेला लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. पार्टिशन उडवलं की काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’. यूईएफआयवरही क्रम चुकला तर ग्रबचा काळा पडदा दिसतो, पण विंडोज शाबूत असतं. बूट मेनूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडला की उघडतं. म्हणून आधी बायोसमध्ये तो पहिल्या क्रमांकावर आणा, विंडोज सरळ सुरू होतंय हे पाहा आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सची पार्टिशनं काढा. सी आकसून घेतलेली जागा सीच्या लगेच पुढे असते, त्यामुळे ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने ती परत जोडता येते.