‘पाय गार पडतात? गरम पाण्यात बुडवा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

थंडी पडली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. हात-पाय गार पडणं, मुंग्या येणं, पोटऱ्या दुखणं हे सगळं ‘रक्त घट्ट झाल्याचं’ लक्षण. रोज रात्री कडकडीत पाण्यात मीठ घालून पाय बुडवा, झोपताना पाय उशीवर ठेवा, सकाळी उपाशीपोटी लसूण आणि रक्त पातळ करायची एक गोळी घ्या. २१ दिवस करून बघा, डॉक्टरकडे गेलात तर तपासण्याच मागे लागतील. आपल्या माणसांच्या काळजीपोटीच लोक हा मेसेज पाठवतात, हे मला कळतं. पण त्यानं इजा होऊ शकते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

गार पडणं म्हणजे रक्त घट्ट होणं नव्हे. जानेवारीत शिवाजीनगरचा पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा पहाटे मुलांना स्कूटरवरून शाळेत सोडून येणाऱ्या आईची बोटं गार पडणारच. पोटातल्या आणि छातीतल्या अवयवांची ऊब टिकावी म्हणून शरीर हातापायांच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं. दोन्ही बाजू सारख्याच गार असतील, उबेला आल्यावर पूर्ववत होत असतील आणि दुखणं किंवा जखम नसेल, तर बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. बाराही महिने गार राहत असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बीपीच्या काही गोळ्यांनीही असं होतं, पण म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

काहींची बोटं थंडीत आधी पांढरीफटक पडतात, मग निळी, आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावानं हा त्रास ओळखला जातो. तरुण बायकांमध्ये तो जास्त दिसतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. मात्र चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाला, एकाच हाताला होत असला, बोटांच्या टोकांना जखमा व्हायला लागल्या किंवा कातडी ताठ वाटायला लागली, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवायला हवं.

मुंग्यांचं कारण बहुतेकदा रक्तात नसून नसांमध्ये, म्हणजे मज्जातंतूंमध्ये असतं. जुना मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता ही आपल्याकडची नेहमीची कारणं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवलाचं नाही, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचंही ते उतरू शकतं.

आता कडकडीत पाणी. या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. मधुमेहात तळव्यांची जाणीव हळूहळू बोथट होते. पाणी भाजतंय हे त्या पायाला कळतच नाही. सदाशिव पेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांना पाय भाजल्याचं कळलं, ते सकाळी मोजा टाचेला चिकटून बसला तेव्हा. फोड रात्रीच फुटला होता आणि त्यांना काही दुखलंही नव्हतं. अशा पायाला रक्तही कमी पोहोचत असेल तर जखम भरत नाही, चिघळते, आणि गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाऊ शकते. शेकाची पिशवी आणि पायाजवळ ठेवलेला हीटर यांचंही तसंच. मधुमेह असेल तर सैलसर मोजे घाला, आणि पाणी हवंच असेल तर ते कोमट, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघितलेलं. रोज रात्री बोटांच्या बेचक्या आणि तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघा.

‘पोटऱ्या दुखतात, वय झालं’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येतं. पर्वती चढताना ठरावीक पायऱ्यांनंतर पोटरीत गोळा येतो, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की जातो, पुन्हा तेवढंच चढलं की पुन्हा येतो. हा नेम दिसला तर पायाची धमनी अरुंद झाल्याची शंका घ्यायलाच हवी. नुसतं उभं राहून भागत नसेल, बसावं किंवा पुढे वाकावं लागत असेल, तर दुखणं कमरेच्या मणक्यातलं असू शकतं. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून नक्की काय केल्यावर आराम पडतो ते डॉक्टरांना नीट सांगा.

पाय उशीवर ठेवायचा सल्ला शिरांच्या सुजेला बरोबर आहे. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्यानं बरं वाटेल. पण धमनी अडलेल्या पायाकडे रक्त आधीच जेमतेम जातं, पाय वर केला की आणखी कमी जातं. असे रुग्ण रात्री वेदनेनं उठून पाय पलंगाखाली लोंबते सोडून बसतात, तेव्हा कुठे त्यांना आराम पडतो. घरात कुणी असं बसत असेल तर पुढच्या सोमवारची वाट बघू नका. धमनीची तपासणी झाल्याशिवाय घट्ट मोजेही चढवू नका.

लसूण आमटीत घाला, त्यानं अडलेली धमनी उघडत नाही. रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी मनानं सुरू केली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गरज असेल तर डॉक्टरच लिहून देतात.

तपासण्यांची इतकी धास्तीही नको. पहिली तपासणी म्हणजे पावलाच्या पाठीवरची आणि घोट्यामागची नाडी बोटांनी चाचपणं. दुसरी, दंडाचं आणि घोट्याचं बीपी मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागणं. सुई नाही, दुखत नाही. भागाकार ०.९ पेक्षा कमी आला तर धमनीत अडथळा असल्याचं धरतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे आकडा फसवा चांगला येऊ शकतो, तेव्हा पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब बघतात.

आणि मेसेजमध्ये तंबाखूचं नावही नाही! बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांच्या धमन्या बंद होऊन बोटं काळी पडण्याचा बर्जर नावाचा आजार आहे. तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय तो थांबत नाही, ‘दिवसाला दोनच’ करून भागत नाही.

राहिला २१ दिवसांचा मुद्दा. एकच पाय किंवा हात अचानक दुखायला लागला, पांढरा आणि गार पडला, बधिर झाला, हलवता येईना, तर हातात काही तासच असतात. साधारण सहा तासांनंतर तो वाचवणं अवघड होत जातं. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखत असेल तर शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर तीही तातडीची वेळ. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा, गाडी जे मिळेल त्यानं मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. वाटेत त्या पायाला शेक देऊ नका, तेल लावून चोळू नका, आणि दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून सोबत न्या.