‘दर विचारला तर मोटारीचं पाणी मोजायला सांगितलं’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंय की साडेचार फुटी सरीच्या दोन एकर उसासाठी ठिबकचा दर विचारायला आलो, तर आधी मोटारीचं पाणी मोजून आणा, बाटलीत विहिरीचं पाणी आणा असं सांगितलं आणि नंतर एकदाही फोन केला नाही. दुसऱ्या दुकानाचा माणूस मात्र त्याच संध्याकाळी घरी आला, एकरी ठोक दर सांगितला आणि ‘आजच बुकिंग केलं तर फिल्टर फुकट’ म्हणाला. ‘यांना माल विकायचाच नाही’, असं तुम्ही शेवटी म्हटलंय.

माल विकायचाच आहे, आणि तुम्हाला द्यायलाही आवडेल. पण मोटार किती पाणी देते हे बघायच्या आधी एकरी दर सांगायचा, तर ड्रिपर, व्हॉल्व्ह आणि फिल्टर डोळे झाकून ठरवावे लागतात. हिशेब इथंच मांडतो. तुम्ही कुठूनही घेतलंत तरी तो उपयोगी पडेल.

साडेचार फुटी सरीला एकरी साधारण २,९५० मीटर लॅटरल, म्हणजे ड्रिपरची नळी, लागते. ४० सेंटीमीटरवर ड्रिपर धरला तर एकरात ७,३७५ च्या आसपास ड्रिपर होतात. ते ताशी ४ लिटरचे घेतले, तर एक एकर एका वेळी चालवायला तासाला २९,५०० लिटर पाणी पाहिजे. २ लिटरचे घेतले तर १४,७५० लिटर. आता समजा तुमची मोटार तासाला १८,००० लिटर देते. २ लिटरच्या ड्रिपरवर एक एकराचा व्हॉल्व्ह, म्हणजे एका वेळी भिजणारा तुकडा, व्यवस्थित चालेल. ४ लिटरचे ड्रिपर घालून तोच एकर एका व्हॉल्व्हवर ठेवला, तर प्रत्येक ड्रिपरला सरासरी अडीच लिटरसुद्धा मिळत नाही आणि नळीतलं प्रेशर चौरस सेंटीमीटरला १ किलोवरून ०.४ किलोच्याही खाली येतं. इतक्या कमी प्रेशरला उताराकडच्या सऱ्या भिजतात, चढाकडच्या कोरड्या राहतात. नळीचं टोक उघडून गाळ फ्लश करायलाही (धुवून काढायलाही) जोर उरत नाही, म्हणून तो नळीच्या टोकाला साचत जातो आणि दुसऱ्या खोडव्यापर्यंत (तोडणीनंतर फुटून येणाऱ्या उसापर्यंत) टोकाकडचे ड्रिपर बंद पडतात. मग शेतकरी म्हणतो ठिबकमध्येच दम नाही, आणि पुन्हा पाटानं पाणी सोडतो.

‘४ लिटरचा घ्या, ऊस दणकून येईल’ हे सांगायला सोपं आहे. तो बसवायचाही असेल तर दोन एकराचे चार व्हॉल्व्ह करावे लागतील, म्हणजे सबमेन (व्हॉल्व्हपासून नळ्यांना पाणी देणारा पाइप) वाढली, चर वाढली, फिटिंग वाढलं. ठोक दरात हे धरलेलं नसतं. ते बसवणारी माणसं रानात आल्यावर कळतं, तेव्हा ॲडव्हान्स गेलेला असतो.

सरीच्या लांबीचंही तसंच आहे. १६ मिलिमीटरची नळी, ४० सेंटीमीटरवर ४ लिटरचा ड्रिपर आणि सपाट रान असेल तर ५० मीटरच्या पुढं शेवटच्या ड्रिपरला पाणी कमी पडायला लागतं. २ लिटरला ८० मीटरपर्यंत चालतं. वाळवा-पलूसकडच्या लांब सऱ्यांना सबमेन मधोमध घेऊन दोन्ही बाजूंना नळ्या सोडाव्या लागतात. हे ठरवायचं तर रानाचा नकाशा लागतो. हातानं काढलेला चालतो, फक्त विहीर कुठं आणि चढ कुणीकडं एवढं दाखवा.

पाण्याची गरजही बघा. भर उन्हाळ्यात वाढलेल्या उसाला दिवसाला ७ मिलिमीटर पाणी धरलं तर एकरी २८,००० लिटरच्या थोडं वर जातं. २ लिटरच्या ड्रिपरनं ते दोन तासांत देऊन होतं, दोन एकराला चार तास. आठ तासांच्या थ्री-फेजमध्ये हे बसतं आणि वीज मध्येच गेली तरी हातात वेळ राहतो. एवढं समोर मांडल्यावर ४ लिटरचा आग्रह कुणी धरत नाही. पटवून द्यावं लागत नाही.

मोटारीचं पाणी मोजायला सांगितलं ते याच हिशेबासाठी. नुसतं उघड्या पाइपानं बॅरल भरलं तर आकडा फुगीर येतो, कारण ठिबक चालताना मोटारीला प्रेशरही द्यावं लागतं. डिलिव्हरीवर, म्हणजे मोटारीतून पाणी बाहेर येणाऱ्या पाइपावर, व्हॉल्व्हच्या अलीकडं प्रेशर गेज बसवा, व्हॉल्व्ह हळूहळू दाबत काटा २ किलोवर आणा आणि मग २०० लिटरचं बॅरल भरा. ४० सेकंदांत भरलं तर तासाला १८,००० लिटर. २ किलो यासाठी, की ड्रिपरला १ लागतं, फिल्टर आणि पाइपात थोडं जातं, आणि रान विहिरीपेक्षा ५ मीटर उंच असेल तर अर्धा किलो तिथंच संपतो. गेज दुकानात ठेवलेलंच आहे, न्या आणि परत आणून द्या. त्यासाठी बुकिंग करावं लागत नाही. मापही एप्रिल-मे महिन्यातलं घ्या. विहीर भरलेली असताना मोजलेलं पाणी उन्हाळ्यात मिळत नाही.

आता फुकट फिल्टरबद्दल. कुठला फिल्टर, हे विचारलंत का? शेततळ्याचं किंवा ताकारी-म्हैसाळच्या कालव्याचं पाणी असेल तर त्यात शेवाळ येतं. शेवाळ जाळीवर चिकटतं आणि दाब वाढला की जाळीतून पार होतं. तिथं आधी सँड फिल्टर लागतो, त्याच्या मागं जाळीचा किंवा डिस्कचा. बोअरमधून रेती येत असेल तर आधी हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गोल फिरवून रेती वेगळी करणारा फिल्टर. स्वच्छ विहिरीला एकटा डिस्क फिल्टर पुरतो. ‘फुकट’ म्हणून बहुतेक वेळा जाळीचा फिल्टर मिळतो, आणि कालव्याच्या पाण्यावर तो दर अर्ध्या तासानं धुवावा लागतो. कंटाळून माणूस आतली जाळीच काढून ठेवतो. तिथून पुढं ड्रिपर चोंदायला एक हंगाम पुरतो. फिल्टर कोणताही घ्या, अलीकडं आणि पलीकडं गेज पाहिजे; दोन्हींतला फरक अर्ध्या किलोवर गेला की धुवायचा.

बाटलीतल्या पाण्याचं कारण असं, की नदीकाठच्या बऱ्याच विहिरींचं पाणी जड आहे. बायकार्बोनेट आणि कॅल्शियम जास्त असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. तो फिल्टरनं अडत नाही, त्याला ॲसिडची प्रक्रिया लागते, आणि ती करायची तयारी आहे का हे घेण्याआधी ठरलेलं बरं. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. अशा पाण्यात पोत्यातलं डीएपी खत विरघळवून सोडलं तर नळ्या आणखी लवकर जातात. नमुना घेताना मोटार १५ मिनिटं चालवा, एक लिटरची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरून झाकण लावा.

अनुदानाचं नीट समजून घ्या, कारण घाईचं सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं. अल्प व अत्यल्प भूधारकाला केंद्राचं ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के, त्यावर राज्याची भर पडून अनुक्रमे ८० आणि ७५ टक्के होतात. पण हे टक्के तुमच्या बिलावर मोजत नाहीत, शासनानं नळ्यांमधल्या अंतरानुसार ठरवलेल्या खर्चमर्यादेवर मोजतात. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, निवड व्हायला पाहिजे, कृषी विभागाची पूर्वसंमती हातात यायला पाहिजे, आणि मगच खरेदी. त्याच्या आधीच्या तारखेचं बिल अनुदानाला चालत नाही. ‘आजच बुकिंग’ म्हणणाऱ्याला एकच विचारा, पूर्वसंमती आलीय का? आणि त्याच क्षेत्राला पुन्हा अनुदान सात वर्षांनीच मिळतं, त्यामुळं चुकीचा संच बसला तर सात वर्षं तोच ओढायचा.

राहिला फोन. आम्ही मागं लागून फोन करत नाही, हे आमचं ठरलेलं आहे. दुकानातल्या माणसांना पगार आहे, बुकिंगवर कमिशन नाही. कमिशन असलं की माणूस रान बघत नाही, सही बघतो. तुम्ही ‘अमुक तारखेला फोन करा’ म्हणालात, तर त्या दिवशी नक्की येईल. नाहीतर दर फळ्यावर लिहिलेला असतो, तो बघायला कुणाला विचारावं लागत नाही. दर बदलायचं खरं कारण असलं की फळ्यावरच बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तो असाच सगळ्यांना एकदम मिळाला. संध्याकाळी संपणारी सूट आमच्याकडं नाही, कारण संध्याकाळपर्यंत नळीचा खर्च बदलत नाही.

ज्याला अजून खात्री नाही, त्याला आम्ही तीन वर्षं चाललेल्या संचांची रानं दाखवतो, मालकाला आधी विचारून. नवा संच बघू नका, तो सगळ्यांचाच चांगला दिसतो. जुन्या रानात शेवटच्या सरीचा शेवटचा ड्रिपर शोधा, खाली वाटी ठेवून सहा मिनिटं पाणी धरा. २ लिटरच्या ड्रिपरनं २०० मिलिलिटर दिलं पाहिजे. १८० च्या खाली आलं तर तिथल्या मालकाला विचारा, फ्लश कधी केलं होतं. कधी कधी रान आणि पाणी बघून आम्ही ‘या वर्षी घेऊ नका’ही सांगतो. विहिरीत पाणीच नसेल तर ठिबक ते आणून देत नाही.

त्या दुकानाचं कोटेशन तुमच्याकडं असेल तर त्यावर हे लिहून घ्या: नळीचा व्यास, क्लास (जाडीचा वर्ग), ड्रिपरचं अंतर आणि प्रवाह, आयएस १३४८८ (ड्रिपरच्या नळीचं भारतीय मानक) चा शिक्का, एकूण मीटर, सबमेनची लांबी, व्हॉल्व्ह किती, फिल्टर कोणता, एअर व्हॉल्व्ह आणि फ्लश व्हॉल्व्ह आहेत का, चर कोण काढणार. ते सगळं नीट असेल आणि दर कमी असेल, तर तिथून घ्या. कागद आमच्याकडं आणलात तरी वाचून देऊ, त्याचे पैसे नाहीत.

तुमचं कोटेशन तयार करून ठेवलंय: ताशी २ लिटर, ४० सेंटीमीटर, दोन व्हॉल्व्ह. मोटारीचं माप आल्यावर व्हॉल्व्हची संख्या पक्की होईल. फिल्टरची ओळ कोरी आहे, ती पाण्याच्या अहवालानंतर भरू.