डंकनचा खून रंगमंचावर होतच नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या आठवड्यात एक लांबलचक मजकूर येऊन पडला. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: शेक्सपिअरच्या शोकांतिकांतील उपमा-रूपके ही निव्वळ सजावट आहे, त्या काळी नाटककाराला शब्दागणिक पैसे मिळत, म्हणून त्याने पाल्हाळ लावले, शोकांतिकेचा आत्मा कथानक, असे खुद्द ॲरिस्टॉटल सांगून गेला आहे, आणि ते इंग्रजी अलंकार मराठी मनाला भिडतही नाहीत, तेव्हा सारांश वाचणे उत्तम. असले मजकूर मी एरवी पुसून टाकते. पण इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी माझी भाची रविवारी कोथरूडहून आली आणि म्हणाली, "मावशी, 'मॅकबेथ'ची गोष्ट दोन पानांत कळली, आता अख्खं नाटक कशाला वाचू?" मग गप्प बसवेना.

पैशांची गोष्ट आधी निकालात काढते. नाटक तेव्हा कंपनीला ठोक रकमेत विकले जाई, आणि शेक्सपिअर तर आपल्या कंपनीत भागीदार होता. शब्द मोजून पैसे मिळत असते, तर 'मॅकबेथ' ही त्याची सर्वांत आखूड शोकांतिका कशी झाली?

ॲरिस्टॉटलचा दाखला अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करते. 'पोएटिक्स' या ग्रंथात कथानकाला त्याने शोकांतिकेचा आत्मा म्हटले आहे. मात्र त्याच ग्रंथात तो असेही म्हणतो की, रूपकावरील प्रभुत्व ही सर्वांत मोठी गोष्ट, ती दुसऱ्याकडून शिकता येत नाही आणि तीच प्रतिभेची खूण. मजकूर लिहिणारा बहुधा तेवढ्या पानापर्यंत पोचला नसावा.

आता सजावटीविषयी. अलंकारांवाचूनचे 'मॅकबेथ' ज्याला हवे असेल, त्याच्यासाठी ते आधीच लिहून ठेवलेले आहे. शेक्सपिअरने ही गोष्ट जिथून घेतली, त्या हॉलिनशेडच्या १५७७च्या इतिहासग्रंथात मॅकबेथ आहे, राज्यासाठी त्याने ज्याचा खून केला तो राजा डंकन आहे, भाकिते आहेत, चालून येणारे अरण्यही आहे. तो वाचून कोणाची झोप उडाल्याचे मी ऐकलेले नाही. नाटकात मात्र ती उडते, आणि गंमत अशी की, ज्या खुनामुळे ती उडते, तो खून प्रेक्षकाला दिसतच नाही. तो विंगेत होतो. आपल्यासमोर येतो तो फक्त हवेत तरंगणारा, मूठ मॅकबेथच्या हाताकडे असलेला खंजीर, जो शब्दांखेरीज कुठेच नाही. आणि नंतर येतात रक्ताने माखलेले दोन हात, ज्यांच्याकडे पाहून तो म्हणतो की, सगळा समुद्र आणला तरी हे रक्त धुऊन निघणार नाही, उलट या हातानेच समुद्र लाल होईल. ही अतिशयोक्ती काढून टाका, म्हणजे खुनाचे ओझेच निघून जाते. शेजारी उभी असलेली त्याची बायको मात्र थोड्याशा पाण्याने काम भागेल म्हणते. पाचव्या अंकात तीच झोपेत चालत येते, हात चोळत राहते आणि अरबस्तानातली सारी अत्तरे या हाताचा वास घालवू शकणार नाहीत म्हणते, तेव्हा ते 'थोडेसे पाणी' आठवून आपल्या अंगावर काटा येतो. भाचीच्या दोन पानांत याजागी 'पुढे तिला पश्चात्तापाने वेड लागते' एवढे एक वाक्य होते.

इंग्रज समीक्षक कॅरोलाइन स्पर्जन यांनी १९३५ साली शेक्सपिअरच्या प्रतिमांवर लिहिलेल्या पुस्तकात दाखवून दिले की, या नाटकात न बसणाऱ्या कपड्यांची प्रतिमा पुन्हा पुन्हा येते. मला उसने कपडे का चढवता, असे मॅकबेथ सुरुवातीला विचारतो. शेवटाकडे त्याचा शत्रू म्हणतो की, राक्षसाचा झगा खुज्या चोराच्या अंगावर लोंबावा, तसे त्याचे राजपद झाले आहे. मॅकबेथ लहान होत गेला, हे कोणी भाषण करून सांगत नाही. कपडेच ते सांगतात.

राहिला मराठी मनाचा मुद्दा. 'मॅकबेथ'वरून 'मानाजीराव' लिहिणारे शिवराम महादेव परांजपे पुण्याचेच. उपरोधाने भरलेले त्यांचे 'काळ' हे साप्ताहिक इथूनच निघे, आणि त्या लेखनापायी १९०८ साली त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली. सरकारने तरी ती भाषा सजावट मानली नव्हती. भाचीला मी दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश मोठ्याने वाचायला लावला आहे. पहिला अंक ती घरी वाचणार आहे.