७५ टक्के रेझ्युमे मशीन फेकून देतं, हे मोजलं कुणी?

सध्या एक मेसेज फिरतोय. मोठ्या कन्सल्टिंग कंपन्यांत ७५ टक्के रेझ्युमे माणसाच्या नजरेला पडायच्या आधीच ‘एटीएस’ नावाचं, अर्ज छाननारं सॉफ्टवेअर बाद करतं म्हणे. त्यावर उपाय: जाहिरातीतला मजकूर पांढऱ्या अक्षरांत रेझ्युमेच्या तळाला चिकटवा, गॅप म्हणजे शिक्षण-नोकरीतला खंड लपवा, फोटो आणि दोन कॉलम टाळा, रेझ्युमे मशीनला कितपत पसंत पडेल याचा ‘स्कोअर’ एखाद्या वेबसाइटवर पैसे भरून काढून घ्या. फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण परवा भाचीने रेझ्युमे नजरेखालून घालायला दिला, तर पठ्ठीने हा सल्ला पाळलेला!

आधी तो आकडा. त्याचा माग काढला की आपण प्रेपटेल नावाच्या अमेरिकन कंपनीपाशी पोचतो. रेझ्युमे मशीनला पसंत पडेल असा करून देणं हाच तिचा धंदा. २०१२ च्या सुमारास सेवा विकताना तिने हा आकडा वापरला आणि २०१३ मध्ये ती बंद पडली. आकड्यामागचा अभ्यास काही समोर आलेला नाही.

आता ती पांढरी अक्षरं. सॉफ्टवेअर रेझ्युमेतला मजकूर उपसून रकान्यांत भरतं. त्यात रंग उरत नाही, त्यामुळे लपवलेलं सगळं वाचणाऱ्यासमोर उघडं पडू शकतं. भाचीच्या फाइलमध्ये कंट्रोल-ए दाबलं, तर कोऱ्या दिसणाऱ्या तळाला निळ्या पट्ट्या उमटल्या. मजकूर नोटपॅडमध्ये टाकला, तर ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’ चार वेळा आणि खाली ‘किमान तीन वर्षांचा अनुभव’. जाहिरातीतली अट जशीच्या तशी! पोरीचं शिक्षण आत्ता संपलंय. वाचणाऱ्याला ही सरळ थाप वाटणार. “मावशी, सगळेच करतात,” म्हणे. आयआयएमसारख्या ठिकाणी सीव्हीतल्या ओळींना पुरावे मागतात, प्लेसमेंट कमिटी ते तपासते. तिथे हे पकडलं गेलं तर काय तोंड दाखवणार?

आणि वाचतं कोण? अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिवेरा यांनी बड्या कन्सल्टिंग कंपन्या, इन्व्हेस्टमेंट बँका आणि लॉ फर्ममधल्या, भरतीत भाग घेणाऱ्या १२० जणांच्या मुलाखती घेतल्या. २०११ च्या त्यांच्या निबंधात दिसतं ते असं: रेझ्युमे चाळणारी माणसं तिथलेच कर्मचारी, क्लायंटचं काम सांभाळून विमानात, ट्रेनमध्ये, टॅक्सीत, रात्री उशिरा ते उरकणारी. त्यांची नजर सर्वात आधी जायची कॉलेजच्या नावावर, मग अभ्यासाबाहेरच्या उद्योगांवर. हा अन्याय आहेच, त्यावर बोलायला हवं. आपल्याकडे त्यात दहावी-बारावीच्या मार्कांची भर. पण पांढऱ्या शब्दांनी यातलं काय बदलणार? इंटर्नशिपमध्ये भाचीने दूध गोळा करणाऱ्या टेम्पोंचे मार्ग नव्याने आखून दिले होते. रेझ्युमेत त्याचं झालं होतं ‘डेटा ॲनालिसिस केले’. दमलेल्या माणसाची नजर थांबावी अशी तीच एक ओळ होती, आणि तिचंच भरीत करून ठेवलेलं.

गॅपबद्दल मात्र मेसेजात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालानुसार अमेरिका, ब्रिटन, जर्मनीतल्या जवळपास निम्म्या कंपन्या सहा महिन्यांहून मोठ्या गॅपवर अर्ज गाळत होत्या. पण ती अट कंपनीतल्या माणसांनीच घातलेली. आणि गॅप लपवून कुठे जाणार? प्रॉव्हिडंट फंडाच्या खात्यात नोकरी धरल्या-सोडल्याच्या तारखा असतात, पडताळणीत त्या निघतात. आजारपण असो की आई-वडिलांची सेवा, एका ओळीत लिहून मोकळं व्हा.

फोटो नको, दोन कॉलम नकोत, हा मेसेजातला सल्ला ठीक. पाळा, नुकसान नाही.

राहिला स्कोअर. तो देणारी वेबसाइट म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर नव्हे. कंपनीने आत कोणत्या अटी घातल्यात हे तिला बाहेरून कळायला मार्ग नाही. पहिला स्कोअर कमी दाखवायचा आणि तो वाढवायचे पैसे घ्यायचे, यातच तिचा फायदा. शिवाय मुलांचे फोन नंबर, पत्ते तिच्याकडे जातात ते वेगळंच. घरात कुणी पैसे भरायला निघालं असेल तर आजच थांबवा.