मोडेम मुका राहतो तो डिस्ट्रोमुळे नाही

जुन्या मशीनवर लिनक्सची एखादी डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) टाकून डायल-अपने, म्हणजे मोडेम लावून फोनलाइनवरून, नेट वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: 'डायल-अप वापरायचं असेल तर उबंटू, फेडोरा, डेबियन विसरा. मोठ्या डिस्ट्रोंनी मोडेमचा सपोर्ट काढून टाकलाय. फक्त पपी लिनक्स घ्या. मशीनच्या आत बसवलेला मोडेम लिनक्सवर चालतच नाही, आणि अपडेटचं तर नावच काढू नका.' सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणारा बिचारा एकामागून एक डिस्ट्रो टाकत बसतो आणि मोडेम काही बोलत नाही. मला याची खरंच चीड येते, कारण अडचण बहुतेक वेळा भलतीकडेच असते.

आधी सपोर्ट काढल्याचा दावा. फोनलाइनवरून जोडणी करायला कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) सिरियल पोर्टचा ड्रायव्हर, कर्नलमधलंच पीपीपी (फोनलाइनवरून नेट चालवायची पद्धत) आणि ती जोडणी सांभाळणारा पीपीपीडी हा प्रोग्राम एवढं लागतं. हे सगळं मोठ्या डिस्ट्रोंमध्ये आजही मिळतं. गेली आहे ती नंबर टाकून बटण दाबायची खिडकी, केडीई या डेस्कटॉपच्या जुन्या आवृत्त्यांत केपीपीपी होती तशी. ही गैरसोय खरी आहे. पण डेबियन-उबंटूत पीपीपी पॅकेज टाकून नंबर, युजरनेम आणि पासवर्ड एकदा फाइलींत लिहिला की 'पॉन' ही कमांड दिली की लाइन जोडली जाते, 'पॉफ' म्हटल्यावर तुटते.

डिस्ट्रो बदलण्याआधी एक साधी चाचणी करा. मिनिकॉम हा मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्राम उघडा, मोडेमचा पोर्ट निवडा, 'एटी' टाइप करून एंटर दाबा. उत्तरात 'ओके' आलं तर मोडेमशी बोलणं झालं, आता कुठलीही डिस्ट्रो चालेल. पोर्ट उघडायलाच नकार मिळाला तर तुमचा युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये आहे का ते बघा. 'ओके' येतं पण डायल करताना 'नो डायलटोन' येतं, तर मोडेमला आपल्या लाइनचा टोन ओळखता येत नसेल; 'एटीएक्स३' दिलं की तो टोनची वाट न बघता डायल करतो. यातलं काहीही डिस्ट्रो बदलून सुटत नाही.

'आतला मोडेम चालतच नाही' यात अर्धं सत्य आहे, आणि तेच नीट समजून घ्यायला हवं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वस्त मोडेम आले. त्यांत सिग्नलवरची प्रक्रिया करणारी चिप वगळून ते काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर टाकलेलं होतं. लोक त्यांना विनमोडेम म्हणत. असं कार्ड ड्रायव्हरशिवाय निव्वळ पत्रा, आणि तो ड्रायव्हर बहुधा विंडोजपुरताच असायचा. लिनक्ससाठी ल्यूसेंट-एजीअर चिपचा एलटीमोडेम, स्मार्टलिंकचा एसएलमोडेम असे पर्याय निघाले. कोनेक्झंटच्या चिपसाठी लिनक्सअँटचा ड्रायव्हर होता, पण फुकट घेतला तर वेग १४.४ केबीपीएसवर अडायचा. या ड्रायव्हरांत बंद बायनरी (सोर्स कोड न दिलेला) भाग असे, त्यामुळे कर्नल पुढे गेला की ते मागे पडत. पण यूएस रोबोटिक्सचं ५६१० हे पीसीआय कार्डही आतलंच आहे. ते पूर्ण हार्डवेअर मोडेम आहे आणि लिनक्सला साधा सिरियल पोर्ट म्हणून दिसतं. त्यामुळे मोडेम आत आहे की बाहेर हे विचारून काही कळत नाही. त्याचा मेंदू त्याच्याकडे आहे का, हे विचारा. सिरियल केबलच्या बाहेरच्या मोडेमची तर चिंताच नको. यूएसबीच्या मोडेमात मात्र मेंदू आहे ना ते बघून घ्या. त्याच कंपनीचा ५६३७ लावला की कर्नल लॉगमध्ये 'टीटीवायएसीएम०' हे पोर्टचं नाव उमटतं, ड्रायव्हर शोधावा लागत नाही.

पपीचं श्रेय मी नाकारत नाही. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या या डिस्ट्रोने विनमोडेमचे कितीतरी ड्रायव्हर सोबतच दिले आणि डायल-अपवाल्यांचा खरा विचार केला. पपीची शंभरेक एमबीची फाइल डायल-अपवर सेकंदाला ५ केबीने साधारण साडेपाच तासांत उतरते. मोठ्या डिस्ट्रोच्या ७०० एमबीच्या सीडीला जवळजवळ ४० तास लागतात. पण ते ड्रायव्हर त्या-त्या आवृत्तीच्या कर्नलसाठी बांधलेले होते. तुमच्याकडे जुनं विनमोडेम कार्डच असेल तर जुनी पपी जरूर घ्या, फक्त तिच्या ब्राउझरमध्ये आजच्या बऱ्याच साइटी उघडणार नाहीत हे धरून चाला. हार्डवेअर मोडेम असेल तर चालू, अपडेट मिळणारी डिस्ट्रोच घ्या.

राहता राहिले अपडेट. डेबियनची 'नेटइन्स्ट' फाइल लहान दिसते म्हणून घेऊ नका, ती उरलेलं सगळं इन्स्टॉल करताना नेटवरूनच ओढते. मित्राकडून पूर्ण डीव्हीडी उतरवून घ्या. नंतरच्या अपडेटसाठी डेबियन-उबंटूत 'अ‍ॅप्ट-ऑफलाइन' आहे. ते तुमच्या मशीनवर काय-काय हवं त्याची एक छोटी फाइल बनवतं. ती पेनड्राइव्हवर घालून ब्रॉडबँड असलेल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर न्या, पॅकेजं उतरवा, परत येऊन बसवा. तो दुसरा कॉम्प्युटर विंडोजचा असला तरी चालतो.